सौराष्ट्राच्या काठाकाठाने: मुलांना घेऊन प्राणी-पक्षी बघायला जाताना

पहिल्यांदा नराराच्या प्रवाळ-किनाऱ्यावर गेलो तेव्हा आम्ही चार तास नुसते पाणी बघून परत आलो. जामनगरहून गाडी ठरवली होती, मुलांना पहाटे उठवले होते, डबा घेतला होता. किनाऱ्यावर पोचलो तर समोर सपाट, करडा समुद्र. त्याच्याखाली प्रवाळ होते, ऑक्टोपस होते, सगळे होते, पण वर पुरुषभर पाणी. चौकीवरच्या माणसाने घड्याळाकडे पाहून विचारले, "भरतीच्या वेळी कसे आलात?" याला उत्तर नव्हते. आम्ही हॉटेलच्या नाश्त्याच्या वेळेवरून बेत आखला होता.

घरी आल्यावर आईने (माहेर गुहागरचे) सगळे ऐकून घेतले आणि भिंतीवरचे कालनिर्णय काढून समोर ठेवले. "तिथी बघून जायचे ना रे."

पुढचा सगळा लेख त्या एका वाक्याचा विस्तार आहे. आपल्याकडे सौराष्ट्र म्हणजे गिरनार, सोमनाथ, द्वारका. दत्ताच्या पादुकांसाठी दहा हजार पायऱ्या चढून आलेले कोणीतरी प्रत्येक घरात असते. पण नकाशा उघडून बघा: उत्तरेला कच्छचे आखात, पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला खंबातचे आखात. तीन बाजूंनी पाणी असलेला हा द्वीपकल्प आहे आणि त्याच्या काठावर प्रवाळ, रोहित पक्षी, कासवे, काळवीट आणि सिंह एकाच सहलीत बघता येतात. आजी-आजोबांची यात्रा आणि नातवंडांची जंगलसफर एकाच तिकिटात बसते. मात्र बेत आखण्याचा क्रम उलटा लागतो. बहुतेक जण आधी गीरची सफारी ठरवतात आणि उरलेल्या दिवसांत समुद्र कोंबतात. मी सांगेन की आधी ओहोटी ठरवा, मग बाकीचे.

आधी महिना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी माझ्या मते सर्वांत चांगले. थंडीचे पाहुणे पक्षी तोवर मुक्कामाला असतात आणि दुपार सोसवते. १६ जून ते १५ ऑक्टोबर गीर आणि वेळावदर (भावनगरजवळचे काळविटांचे राष्ट्रीय उद्यान) दोन्ही बंद असतात. मे महिन्यात सिंह पाणवठ्यावर सहज दिसतात हे खरे, पण मुलांना घेऊन त्या उन्हात उघड्या जीपमध्ये बसण्याचा सल्ला मी देणार नाही.

आता टाळायचे दिवस. दिवाळीपासून पुढचा आठवडा अख्खे गुजरात सुट्टीवर निघते आणि सासणला, म्हणजे गीरची सफारी निघते त्या गावी, पाय ठेवायला जागा नसते. कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा गिरनारची परिक्रमा, महाशिवरात्रीला भवनाथची जत्रा, तेव्हा जुनागढच्या बाजूला खोली शोधू नका. होळीच्या आधी जामनगर-द्वारका रस्ता पदयात्रींनी भरलेला असतो. नराराही त्याच बाजूला. १४ जानेवारीची उत्तरायण बघायला मौज आहे, पण पक्षी बघायला निघालेल्या मुलांना मांज्यात अडकलेले पक्षी दाखवण्याची माझी तयारी नव्हती. आम्ही २० तारखेनंतर गेलो.

मग तिथी

कोकणात राहिलेल्या कोणालाही हा हिशेब येतो, शहरात आल्यावर तो आपण विसरतो. तिथीला पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवा, ती ओहोटीची. उदाहरणार्थ चतुर्थी. ४ चे पाऊणपट ३. म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, दुपारीही आणि पहाटेही. ओहोटी नऊला, सकाळी आणि रात्री. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे.

पण नुसती वेळ सोयीची असून भागत नाही, पाणी किती उतरते तेही बघावे लागते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असते: पाणी खूप चढते आणि तितकेच खूप उतरते. अष्टमीच्या सुमाराला भांगाचे पाणी, ते धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. अष्टमीला हिशेबाप्रमाणे ओहोटी भर दुपारी बाराला येते, मुलांची झोप नीट होऊन निवांत जाता येईल असे वाटते, पण प्रवाळ उघडे पडत नाहीत. उलट ऐन पौर्णिमेला पाणी खूप ओसरते, पण ओहोटी पहाटे पाच-सव्वापाचला, म्हणजे अंधारात. दोन्हींच्या मधले दिवस पकडायचे: तृतीया ते पंचमी. पाणी पुरेसे उतरते आणि वेळ सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येते.

पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे, तो महिना-तारीख निवडायला वापरा. कच्छच्या आखातात पाणी आत शिरत जाते तसतशी वेळही सरकते आणि चढ-उतारही वाढतो. म्हणून तारीख पक्की करण्याआधी सिक्का किंवा ओखा बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता इंटरनेटवर बघा. तक्त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये उंची दिलेली असते. सकाळच्या ओहोटीचा आकडा घ्या (दिवसाच्या आणि रात्रीच्या ओहोटीत फरक असतो). तो एक मीटरच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर जायचे, हा आमचा घरगुती नियम. दोनच्या जवळ गेला तर दुसरा दिवस शोधायचा.

सलग दोन सकाळी हाताशी ठेवा. एक सकाळ वारा, ताप किंवा पंक्चर खाऊन टाकते, हा अनुभव आहे.

आरक्षणाचा क्रम

ओहोटीच्या दोन सकाळी हातात आल्या की त्यांच्या पुढे तीन-चार दिवसांनी गीर येईल असा बेत मांडा आणि गीरचे परवाने वनखात्याच्या संकेतस्थळावरून काढा. ते साधारण तीन महिने आधी खुले होतात आणि शनिवार-रविवारचे झपाट्याने संपतात. प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक भरावा लागतो आणि तेच ओळखपत्र तिथे दाखवावे लागते. मुलांची आधार कार्डे घरी विसरलेली दोन कुटुंबे मी सासणच्या खिडकीपाशी स्वतः पाहिली आहेत. अधिकृत संकेतस्थळाशी मिळतेजुळते नाव घेऊन जादा पैसे उकळणारे दलाल भरपूर आहेत. शोधात पहिले आले म्हणून ते सरकारी समजू नका.

त्यानंतर रेल्वे. मुंबई सेंट्रलहून सौराष्ट्र मेल रात्री निघते आणि राजकोटवरून जामनगर, द्वारका करत ओख्याला जाते. जामनगरला उतरायचे. परतीला भावनगरहून वांद्र्याची गाडी मिळते. म्हणजे आलो त्याच रस्त्याने परत जायचे नाही. द्वीपकल्पाच्या उत्तर काठावर शिरायचे आणि पूर्वेकडून बाहेर पडायचे. मधल्या प्रवासाला एकच गाडी आणि एकच चालक सगळे दिवस ठेवा. रोज नवी गाडी शोधण्यात जाणारा वेळ पैशापेक्षा महाग पडतो.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. सुरतजवळच्या हजिरा बंदरातून भावनगरजवळच्या घोघ्याला गाड्या नेणारी बोट २०२० पासून चालते. रस्त्याने ३७० किलोमीटरचा वळसा पडतो तो समुद्रातून ९० किलोमीटरवर येतो. बोटीच्या मागे उडणारे कुरव पक्षी हा सहलीचा पहिला धडा समजा.

हॉटेलांबद्दल फार लिहीत नाही. स्वच्छ संडास, गरम पाणी आणि पहाटे पाचला दार उघडणारा माणूस, एवढेच विचारून घ्या. तिसरे सर्वांत महत्त्वाचे.

पिशवीत काय

दुर्बीण. शक्य असेल तर ८×४२ ची. १०× किंवा त्याहून मोठी मुलांच्या हातात थरथरते आणि पक्षी सापडतच नाही. दोन मुले असतील तर दोन दुर्बिणी. दुसरी स्वस्तातली चालेल, पण एकच दुर्बीण म्हणजे खिजडियाच्या (जामनगरजवळची पक्ष्यांची पाणथळ) बांधावर भांडण ठरलेले. घरी आठवडाभर आधी गॅलरीतल्या कावळ्यांवर सराव करून घ्या. आधी उघड्या डोळ्यांनी पक्षी धरायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्याला लावायची: हे दहा वर्षांच्या मुलालाही एका दिवसात येत नाही.

नरारासाठी जुने, बंद, नाडीचे बूट. सँडल नको, चप्पल तर अजिबात नको: चिखलात ती राहते आणि पाय पुढे जातो. प्रवाळाची धार ब्लेडसारखी असते. बुटांची एक जादा जोडी गाडीत ठेवा, कारण नराराचे बूट त्या दिवशी पुन्हा घालण्यासारखे राहत नाहीत. टोपी, गळ्याभोवती बांधता येईल असा पंचा, भरपूर पाणी. गीर आणि वेळावदरला पहाटेच्या उघड्या जीपमध्ये कडाक्याची थंडी वाजते. "गुजरातमध्ये कसली थंडी" म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्याने शेवटी मुलीची शाल मागून घेतली.

आणि एक वही. मोबाइलवर फोटो काढलेला प्राणी मुले विसरतात. वहीत वेडावाकडा काढलेला लक्षात राहतो.

नरारा: दोन तासांचा समुद्र

जामनगरहून साधारण ६० किलोमीटर, वाडिनारच्या बाजूला. रस्ताभर तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांच्या चिमण्या आणि टँकर. मुले विचारतात, आपण नक्की बरोबर चाललोय ना? बरोबरच चाललोय. कच्छच्या आखाताचा हा दक्षिण काठ १९८० मध्ये सागरी अभयारण्य झाला आणि १९८२ मध्ये त्यातला काही भाग राष्ट्रीय उद्यान झाला, देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. प्रवाळ आणि टँकर एकाच आखातात नांदतात, हे विचित्र आहे आणि ते मुलांपासून लपवण्याचे कारण नाही.

प्रवाळ बघायला सहसा पाणबुड्याचा पोशाख लागतो, निदान बोट तरी. इथे चालत जाता येते. आखातात पाणी कित्येक मीटर चढते-उतरते, किनारा जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे ओहोटीला समुद्र दूरवर मागे हटतो आणि त्याचा तळ उघडा पडतो. चौकीवर नोंद करून वाटाड्या घ्यायचा. वाटाड्याशिवाय जाऊ नका, कारण सपाट चिखलात पाणी परत येते ते समोरून लाटा घेऊन येत नाही. बाजूच्या घळींतून गुपचूप मागे येऊन उभे राहते.

वेळेचे गणित असे. तक्त्यातली सर्वांत कमी पाण्याची वेळ समजा ९ आहे. सातला किनाऱ्यावर असा आणि उतरत्या पाण्याच्या मागोमाग आत जा. ९ वाजता तुम्ही सर्वांत आत असायला हवे. साडेनऊला तोंड किनाऱ्याकडे. मुले "अजून पाच मिनिटे" म्हणतील. नाही म्हणा.

सुरुवातीला तिवरांची झाडे आणि चिखल. चिखलावर निवट्या उड्या मारत असतात, पाण्याबाहेर श्वास घेणारा मासा. त्यांच्यापाशी दहा मिनिटे थांबा, मुलांचे डोळे तळाकडे बघायला इथेच तयार होतात. पुढे खडकाळ भाग लागतो, डबकी सुरू होतात. आता चाल मंदावायची. एका डबक्यापाशी उकिडवे बसायचे आणि काही न करता दोन मिनिटे बघत राहायचे. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, कारण त्यात खेकडा आहे. एक दगड रंग बदलतो, कारण तो ऑक्टोपस आहे. समुद्रफुले बोटाएवढ्या पाकळ्या पसरून बसलेली असतात, त्यांच्यात काचेसारखी पारदर्शक कोळंबी. काळी लांबुडकी सागरी काकडी. ताऱ्याचे बारीक सापासारखे हात असलेला ब्रिटल स्टार खडकाखाली सरकतो. आणि प्रवाळ: मेंदूसारखे वळणावळणाचे, मधमाशांच्या पोळ्यासारखे, हिरवट, तपकिरी. पुस्तकातल्यासारखे भडक लाल-निळे शोधू नका. आणि हे दगड नाहीत, प्राण्यांच्या वसाहती आहेत, हे आत शिरण्याआधीच सांगा, म्हणजे पाय कुठे ठेवायचा याची काळजी मुले स्वतः घेतात.

पाय वाळूवर किंवा उघड्या खडकावर. पाण्यातून जाताना पाऊल उचलून टाकायचे नाही, घासत न्यायचे. वाळूत पाखट (चपटा मासा) दबून बसलेली असली तर तिला आधीच कळते आणि ती निघून जाते. अंगावर पाय पडला तर तिच्या शेपटीचा काटा लागतो.

आता एक नाजूक गोष्ट. काही वाटाडे हौसेने ऑक्टोपस हातात घेऊन दाखवतात. केंड मासा बाहेर काढतात, कारण तो घाबरला की फुग्यासारखा फुगतो आणि पर्यटक टाळ्या वाजवतात. त्यांना वाटते पाहुण्यांना हेच हवे आहे, आणि बहुतेकांना ते हवेही असते. आत जाण्याआधी हसतमुखाने सांगा, "भाई, काही उचलू नका, आम्ही बसून बघू." आमच्या वाटाड्याला आधी नवल वाटले, मग तो खुलला आणि एरवी पटापट पुढे नेणाऱ्या त्या माणसाने एका डबक्यापाशी अर्धा तास बसून आम्हाला एक ऑक्टोपस खेकड्याच्या मागे जाताना दाखवला. बक्षिसी मात्र नीट द्या.

शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा, काही म्हणजे काही आणायचे नाही. प्रवाळ आणि सागरी काकडी २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. किनाऱ्यावर पडलेलासुद्धा नाही. त्यात कोणाचे तरी घर असते हे मुलांनी मघाशी पाहिलेलेच असते.

सहा वर्षांखालच्या मुलांना मी आत नेणार नाही. घसरण, चिखल, तीन तासांची चाल आणि मध्ये संडास नाही. त्यांच्यासाठी एक मोठे माणूस तिवरांपाशी निवट्या आणि खेकडे बघत थांबले तर कोणी काही गमावत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनाही हेच लागू.

याच आखातातल्या पिरोटन बेटाबद्दल बरेच जण विचारतात. तिथे वेगळी परवानगी आणि बोट लागते, आणि बेट अनेकदा बंद असते. पहिल्या सहलीत त्याच्या मागे लागू नका.

खिजडिया: बांधाच्या दोन बाजू

जामनगरपासून दहा-बारा किलोमीटर. संस्थानी काळात इथे समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातले गेले. त्यामुळे एका बाजूला गोड्या पाण्याची तळी आणि दुसऱ्या बाजूला खाजण, मिठागरे, समुद्र. बांधावर उभे राहून डावीकडे बघितले तर बदके आणि ग्रीब, उजवीकडे बघितले तर रोहित आणि चिखलपायटे. सहा चौरस किलोमीटरच्या या जागेत ३०० हून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत आणि २०२२ मध्ये तिचा रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा जाहीर झाला. काळ्या मानेचा करकोचा इथे बघा: उंच, निळसर चमकणारी मान, लाल पाय. मादीचा डोळा पिवळा, नराचा गडद. आमच्या मुलीने हे दुर्बिणीतून ओळखले त्या दिवसापासून घरात तिचे मत विचारले जाते.

सकाळी उजाडताच आत किंवा सूर्यास्ताआधी दोन तास. संध्याकाळी क्रौंच पक्ष्यांचे थवे रात्रीच्या मुक्कामाला उतरतात तेव्हा आवाज आधी येतो, पक्षी मागून. नराराच्या आदल्या संध्याकाळी हे करा, म्हणजे दुसऱ्या पहाटे मुले कुरकुर न करता उठतात.

नवशिक्यांना एक सूचना: सगळे पक्षी ओळखायचा प्रयत्न करू नका. एका फेरीत पाच.

जामनगर शहरात लाखोटा तलावावर हिवाळ्यात कुरव पक्ष्यांची गर्दी असते. लोक त्यांना गांठिया टाकतात. मुलांचाही हात शिवशिवतो. तळलेले, खारट खाणे पक्ष्यांसाठी बरे नाही. गांठिया स्वतः खा. जामनगरचे तिखट घुघरेही खा, ते लाखोट्याच्या आसपास मिळतात आणि आपल्या करंजीचे रागीट भावंड वाटतात.

पोरबंदर ते सोमनाथ: काठाचा रस्ता

इथे घाई केली तरी चालते, एकच दिवस द्या. पोरबंदरला गावाच्या मधोमध चिमुकले पक्षी अभयारण्य आहे. रिक्षा, फेरीवाले, शाळेची घंटा आणि मध्ये पाण्यात एका पायावर उभे रोहित. रोहित चोच उलटी धरून पाणी गाळतो, ते इथे दुर्बिणीशिवाय दिसते. गावाजवळच बरडा डोंगर आहे. तिथे १८७९ नंतर पहिल्यांदा २०२३ मध्ये एक सिंह आपल्या पायांनी चालत पोचला आणि आता तिथेही सफारी सुरू झाली आहे. गीरचे परवाने न मिळालेल्यांनी इकडे चौकशी करावी.

पुढे माधवपूर. लांब, सुंदर किनारा, पण पोहण्याच्या लायकीचा नाही, पाणी ओढते. समुद्री कासवे या वाळूवर अंडी घालायला येतात आणि वनखाते अंडी जपून पिल्ले समुद्रात सोडते. वेळास-आंजर्ल्याला कासवांचा सोहळा बघितलेल्या घरांना हे ओळखीचे वाटेल. इथे तसा जाहीर कार्यक्रम गृहीत धरू नका, केंद्रावर विचारून बघा.

मांगरोळ ते सूत्रापाडा या पट्ट्यातून जाताना मुलांना व्हेल शार्कची गोष्ट सांगा, दिसणार नसला तरी. जगातला सर्वांत मोठा मासा. या किनाऱ्यावर त्याची तेलासाठी शिकार व्हायची. २००१ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, पण कायद्याने कोळ्यांचे जाळे रिकामे होत नाही. मग रामकथाकार मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितले की ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे. "व्हाली दीकरी", लाडकी लेक. तेव्हापासून तो जाळ्यात सापडला तर कोळी स्वतःचे महागाचे जाळे कापून त्याला सोडतात, आणि जाळ्याची भरपाई मिळते. वेरावळच्या धक्क्यावर बोटी बघताना ही गोष्ट जास्त रंगते.

वेरावळ हे मासेमारीचे केवढे तरी मोठे बंदर, तरी आपल्या मालवणी जिभेला इथल्या हॉटेलांत मासे मिळतील अशी आशा धरू नका. बाजरीचा रोटला, ओळो (वांग्याचे भरीत), लसणाची चटणी आणि ताक यांवर सुख मानावे. सोमनाथला उतरलात तर मोठ्या देवळाबरोबर अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेले जुने देऊळही बघा, ते अगदी जवळ आहे आणि तिथे रांग नसते.

गीर: दोन फेऱ्या, आणि अपेक्षा थोडी कमी

सोमनाथहून सासण तासाभराच्या अंतरावर. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवखे लोक त्यांची गल्लत करतात. एक, खऱ्या जंगलातली जीप सफारी, आधी काढलेल्या परवान्यावर. दोन, देवळिया: कुंपण घातलेला सुमारे चार चौरस किलोमीटरचा भाग, जिथे बसमधून फिरवतात आणि सिंह जवळपास हमखास दिसतो. देवळिया बुधवारी बंद असते. लहान मुले असतील तर आधी देवळिया करा. सिंह दिसला की त्यांच्या डोक्यावरचे ओझे उतरते आणि मग जंगलात ती चितळ, मोर, कमलेश्वर धरणावरच्या मगरी यांच्याकडेही बघतात. उलट क्रमाने केले तर जंगलातले तीन तास "सिंह कुठाय" यातच जातात.

मे २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले. २०२० मध्ये ६७४ होते. यातले बरेच आता राष्ट्रीय उद्यानाबाहेर, शेतांत, आमराईत आणि थेट समुद्रकाठच्या झाडीत राहतात. कोडिनार, राजुला, जाफराबादच्या बाजूला किनाऱ्यावर सिंहाच्या पावलांचे ठसे उठतात. (कोडिनार आणि धारी हे भाग बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होते, हे ऐकून आमचे सासरे एकदम सावरून बसले.) पण म्हणून रात्री "सिंह दाखवतो, चला" म्हणणाऱ्या कोणाच्याही मोटारसायकलमागे जाऊ नका. जनावर आमिष म्हणून बांधून सिंह दाखवण्याचे प्रकार इथे घडलेले आहेत. तो गुन्हा आहे आणि बघणाराही त्यात अडकतो.

जंगलात जीपमधून उतरायचे नाही, उभे राहून ओरडायचे नाही, हे सगळ्यांना माहीत असते. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट: वाटेत भेटणाऱ्या वनरक्षकांशी बोला. सायकलवर किंवा पायी, हातात फक्त काठी घेऊन ही माणसे सिंहांच्या मधून फिरतात. त्यांत २००७ पासून बायकाही आहेत. सिंह आधी वानरे आणि चितळे सांगतात, मग डोळ्यांना दिसतो, हे आम्हाला अशाच एका ताईंनी शिकवले.

शेवटी वेळावदर

सासणहून भावनगर हा सहलीतला सर्वांत कंटाळवाणा दिवस. लांबचा रस्ता, मुलांना थेपले देत राहा. पण वेळावदर गाळू नका. भावनगरच्या उत्तरेला भाल प्रदेशात ३४ चौरस किलोमीटरचे सपाट गवत, १९७६ पासून राष्ट्रीय उद्यान. पूर्वी भावनगरचे महाराज इथे पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवत. आता काळवीट शेकड्यांनी आहेत आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून तुमच्याकडे बघतात. कळप धावायला लागला की मध्येच एखादा सरळ हवेत उंच उडतो, काही कारण नसताना.

दुपारची फेरी घ्या आणि सूर्यास्तापर्यंत आत थांबा. त्या वेळी भोवत्या, म्हणजे हॅरियर पक्षी, दिवसभर शिकार करून चारही दिशांनी परततात आणि गवतात जमिनीवरच रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. मध्य आशियातून येणाऱ्या या शिकारी पक्ष्यांचा इथला एकत्र मुक्काम जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी गणला जातो. आधी एक दिसतो, जमिनीलगत तरंगत. मग मुले मोजायला लागतात. आमच्या धाकट्याने त्रेसष्टपर्यंत मोजले आणि मग अंधार झाला. लांडगाही इथे आहे. आम्हाला दिसला नाही, पुढच्या जीपला दिसला.

फाटक बंद व्हायच्या आत बाहेर पडायचे, हे चालकाला आधी सांगून ठेवा. भावनगरच्या हॉटेलात नराराचे बूट बाथरूममध्ये धुऊ नका, चिखलाने नळी तुंबते. अंगणातला नळ कुठे आहे ते विचारा. आमचे बूट मुंबईत पोचेपर्यंत वाळले नाहीत आणि डब्यात सगळ्यांनी खिडक्या उघडून ठेवल्या.